जर्मनीला निघालाय? मग आधी हाटेलात बसायचं कसं ते बघा (खास सोलापूरकरांसाठी)

गड्ड्याच्या जत्रेसाठी सुट्टी काढून घरी आलोय आणि रोज संध्याकाळी कोण ना कोण येऊन बसतंय. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला तेव्हापासून आमच्या जुळे सोलापुरातपण जर्मन भाषेचं वारं शिरलंय, एकट्या आमच्या गल्लीत तीन पोरं क्लास लावून बसलीत. सगळ्यांचे प्रश्न सेम. व्हिसाला किती दिवस लागतात, खोली कशी मिळते, जॅकेट इथून घ्यायचं का तिथं. आणि जेवणाचं विचारतात ते एवढंच, "दादा, शेंगा चटणी किती किलो न्यायची?"

चटणी न्या. दोन किलो न्या, सहा महिने टिकते. पण पहिल्या वर्षी माझं खरं अडलं ते घरच्या जेवणावर नाही, बाहेरच्या जेवणावर. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर होतो, तिथनं थेट स्टुटगार्टजवळच्या एका गावात गेलो, आणि कंपनीतली माणसं शुक्रवारी "येतोस का जेवायला" म्हणाली की मी मनात युरोला शंभरनं गुणायचो आणि म्हणायचो, नाही, आज जरा काम आहे. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा कुणी विचारलंच नाही! राग वगैरे काही नाही हां, तिकडं नाही म्हणजे नाही असतंय, आपल्यासारखं "अरे चल की बे, लई भाव खातो" करून ओढून कुणी नेत नाही.

आपल्याकडं ओळख वाढते ती कट्ट्यावर, टपरीवर, नाहीतर थेट कुणाच्यातरी घरात, आई न विचारताच ताट वाढते. तिकडं घरी बोलवायला वर्ष वर्ष जातं. मधला सगळा काळ ओळख होते ती हाटेलातल्या टेबलावर. म्हणून हे जेवण पोट भरायला नसतंय, बसायला असतंय, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे. आता एकेक सांगतो, तुमच्या कामाला येईल असं.

पहिलं काम: हो म्हणायचं, पण हिशोबानं

महिन्यातनं तीनदा हो म्हणायचं असं मी ठरवून टाकलं. रोज घरी भात-आमटी, दुपारी डबा, आणि तीन वेळा बाहेर. साध्या हाटेलात एक डिश तेरा ते सोळा युरो आणि एक पेय चार-पाच युरो धरा, म्हणजे एका वेळेचे वीस. महिन्याचे साठ. आकडा ऐकून घाम फुटेल पण मी तर म्हणतो भाषेच्या क्लासला जेवढे देता त्यातले थोडे इकडं वळवा, बोलीभाषा टेबलावरच कळते, पुस्तकात नाही.

शिकायला जाणार असाल तर तुमचं लई स्वस्तात भागतं. युनिव्हर्सिटीच्या कँटीनला मेन्झा म्हणतात, तिथं विद्यार्थ्यांना तीन ते पाच युरोत गरम जेवण मिळतं आणि ओळखीपण तिथंच होतात. नोकरीवाल्यांसाठी दुसरी सोय, बरीच हाटेलं दुपारी मिटागटिश नावाचा प्रकार ठेवतात, ठरलेली एक-दोन डिश, संध्याकाळपेक्षा स्वस्त, बहुतेक दहा-बारा युरोत. दाराबाहेर पाटीवर खडूनं लिहिलेलं असतं. आणि अगदीच हात आखडता असेल तर डोनर, म्हणजे पावात भरलेलं भाजलेलं मांस आणि सॅलड. बर्लिनमध्ये तुर्की लोकांनी 1970 च्या दशकात तो प्रसिद्ध केला, आता प्रत्येक गावात दुकान आहे, आपल्या वडापावाची जागा तिकडं त्यानंच घेतलीय. मटण खात नसाल तर त्यातच फलाफल, म्हणजे चण्याचे तळलेले वडे, घालून मागा. "शार्फ" म्हणजे तिखट घाला असं सांगा, पण आपल्या जिभेला ते तिखट म्हणजे लहान पोराचं खेळणं आहे.

अजून एक. दुपारी साडेअकरानंतर कंपनीत कुणी समोरनं येताना "मालत्साइट!" म्हणालं तर घाबरू नका. शब्दाचा अर्थ जेवण, पण वापरतात दुपारच्या नमस्कारासारखा. मला वाटलं मला जेवायला बोलावतायत, मी हातातलं काम ठेवून एका माणसाच्या मागनं गेलो, तो बाथरूमला चालला होता.

जायच्या आधी

वेळ. सात म्हणजे सात. सात दहाला पोचणार असाल तर आधी मेसेज टाका. आपण "निघालो" म्हणून आंघोळीला जातो ते तिकडं चालत नाही. चार-पाच जण असाल तर टेबल आधी बुक करतात, आणि बुक करून जमणार नसेल तर फोन करून सांगायचं.

दुसरं म्हणजे किचन. आपल्याकडं रात्री अकराला होटगी रोडला गेलं तरी कोणतरी तवा तापवून बसलेला असतो, तिकडं लहान गावात रात्री नऊ-साडेनऊला गरम जेवण बंद. हाटेल उघडं असतं, माणसं बसलेली असतात, पण जेवण नाही. दुपारी दोन ते साडेपाचसुद्धा बऱ्याच ठिकाणी तसंच. आणि आठवड्यातनं एक दिवस पूर्ण बंद, बऱ्याचदा सोमवार. पाटीवर "रूहेटाग" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ विश्रांतीचा दिवस. रविवारी उलटं, दुकानं सगळी बंद पण हाटेलं चालू, त्यामुळं शनिवारी भाजी आणायची राहिली तर रविवारी खिशाला फटका बसलाच म्हणून समजा.

खिशात पन्नास युरो रोख ठेवा. जर्मनी म्हणजे सगळं डिजिटल असं वाटतं ना, आपल्या नवी पेठेत फळवाल्याकडं क्यूआर कोड आहे आणि तिकडं चांगल्या चालत्या हाटेलात "फक्त रोख" अशी पाटी बघितलीय मी.

कुठं बसायचं आणि कुठं अजिबात नाही

साध्या हाटेलात रिकामं टेबल बघून आपणच बसायचं, भारी ठिकाण असेल तर दाराशी थांबायचं. सगळी टेबलं भरली असतील आणि एका मोठ्या टेबलाच्या कोपऱ्यात जागा असेल तर विचारून बसता येतं, अनोळखी माणसांबरोबरसुद्धा. विचारायचं, "इस्ट हिअर नोख फ्राय?" म्हणजे इथं मोकळं आहे का. बसल्यावर गप्पा मारायलाच पाहिजेत असं नाही.

पण टेबलावर "श्टामटिश" लिहिलेली पाटी दिसली, लाकडी असते नाहीतर पितळी, तर तिथं चुकूनसुद्धा बसू नका. ते त्या गावातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांचं टेबल असतं, वर्षानुवर्षं तीच माणसं, तोच वार, तीच खुर्ची. मी आणि नांदेडचा एक मित्र, दोघं नवीन, हाटेल अर्धं रिकामं, आम्ही मस्त मधल्या गोल टेबलावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं पासष्ट-सत्तरीची तीन माणसं आली आणि काही न बोलता आमच्या शेजारी उभी राहिली. आम्ही हसलो. ती हसली नाहीत. शेवटी वाढणारी बाई आली आणि तिनं पाटीवर बोट ठेवलं. आता मी तिथं दर महिन्याला जातो, त्यातला एक म्हातारा मला बघितलं की टेबलावर बोटांच्या सांध्यांनी टकटक करतो. ही त्यांची सगळ्या टेबलाला एकदम नमस्कार करायची पद्धत आहे, प्रत्येकाचा हात हातात घेत बसायला नको म्हणून. तुम्हीपण करा, लई खूश होतात.

पाणी

यावर वेगळं लिहायलाच पाहिजे कारण आपल्या माणसाला पहिला धक्का इथंच बसतो. आपल्याकडं हाटेलात बसलं की आधी स्टीलचा ग्लास आपटतो. तिकडं कुणी पाणी आणून ठेवत नाही, पाणी मागवायचं आणि त्याचे पैसे द्यायचे, आणि नुसतं "वासर" म्हणालात तर बहुतेक सोड्याचं येतं. साधं हवं असेल तर "श्टिलेस वासर" म्हणा. नळाचं पाणी चांगलं असतंय, मागता येतं, काही ठिकाणी देतातपण, पण फक्त तेच मागून बसलात तर वाढणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी पाण्याच्या भानगडीत पडतच नाही, आपफेलशोर्ले सांगतो, म्हणजे सफरचंदाचा रस आणि सोडा. पाण्यापेक्षा थोडं महाग, पण ग्लास मोठा येतो आणि तासभर पुरतो.

दारू पीत नसाल तर कारण सांगत बसू नका. "माळकरी आहे", "आईला वचन दिलंय" वगैरे काही लागत नाही, कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. फक्त चिअर्सला सगळे "प्रोस्ट" म्हणतात तेव्हा तुमचा शोर्लेचा ग्लास वर करायचा आणि ज्याच्या ग्लासाला लावताय त्याच्या डोळ्यात बघायचं. ग्लासाकडं बघितलंत की लगेच टोकतात.

शाकाहारी असाल तर हा भाग दोनदा वाचा

"मी मटण खात नाही" एवढ्यावर थांबू नका. "काइन फ्लाइश, काइन फिश, काइन श्पेक", मांस नको, मासा नको, आणि श्पेक नको. श्पेक म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ते बटाट्यात, सॅलडवर, कोबीत, कुठंही सापडतात, काहीजणांच्या लेखी ते फोडणीतल्या मोहरीसारखं, मांसात धरतच नाहीत. भाजीचं सूप दिसलं तरी विचारा, पाणी हाडांचं असू शकतं.

आमच्या भागात, म्हणजे श्वाबेन म्हणतात त्या पट्ट्यात, दोन पदार्थ लक्षात ठेवा. एक केझेश्पेत्सले, मैदा-अंड्याच्या पिठाच्या शेवया, त्यावर भरपूर चीज आणि तळलेला कांदा. अंडं चालत असेल तर पोटभर आणि भरवशाचं. दुसरा माउलटाशन, हा दिसतो कणकेच्या चौकोनी करंजीसारखा आणि बाहेरनं एकदम सोज्वळ, पण आत बहुतेक वेळा खिमा असतो. त्याची गंमतच अशी सांगतात की उपवासाच्या दिवसात मठातल्या साधूंनी देवाला दिसू नये म्हणून मांस कणकेत लपवलं. देवाला फसवायला केलेला पदार्थ, तिथं आपण कोण! शाकाहारी माउलटाशनपण मिळतात, पण विचारून घ्या. तिसरी एक डिश आहे जी बघून मला रडू यायचं बाकी राहिलं होतं, लिन्झन मिट श्पेत्सले, घट्ट मसुराची आमटी, जवळजवळ आपल्या बाजार आमटीची बिनतिखट मावसबहीण. तिच्यावर सॉसेज ठेवून देतात, "ओने वुर्स्ट" म्हणालं की काढतात, पण आमटी शिजतानाच श्पेक टाकलाय का ते आधी विचारायचं.

मेनूत पदार्थाच्या नावापुढं बारीक अक्षरं-आकडे असतात, ते ॲलर्जीचे. युरोपात 2014 पासून 14 ठरावीक गोष्टी पदार्थात असतील तर तसं सांगणं सक्तीचं आहे, अंडं, दूध, गहू, तीळ, आणि हो, शेंगदाणा. कुठल्या अक्षराचा काय अर्थ ते मेनूच्या शेवटी असतं आणि प्रत्येक हाटेलात वेगळं. अंडं टाळणाऱ्यांना ही यादी सोन्यासारखी आहे. शेंगदाण्याचं मात्र खाली परत येतो.

ताट ज्याचं त्याचं

आपण पाच जण गेलो की तीन भाज्या मागवतो आणि मधे ठेवतो, रस्सा संपला की "जरा रस्सा वाढव बे" म्हणतो. तिकडं प्रत्येकाची डिश वेगळी आणि दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा नाही. चव बघायची असेल तर तो देईल, काट्यावर घेऊन. लहान पोरं असतील तर मात्र मस्त सोय आहे, बऱ्याच मेनूत "रॉयबरटेलर" असतं, म्हणजे लुटारूचं ताट. रिकामं ताट आणि काटा-चमचा, पोरानं आईबापाच्या ताटातनं लुटून खायचं.

सगळ्यांच्या डिशा आल्याशिवाय सुरुवात करायची नाही, "गूटन अपेटिट", म्हणजे मजेत जेवा, म्हणून झालं की मग. मधे थांबलात तर काटा-सुरी ताटात एकमेकांवर तिरकी ठेवा, झालं असेल तर दोन्ही शेजारी शेजारी. मी बोलायच्या नादात शेजारी शेजारी ठेवली आणि अर्धी डिश उचलून नेली. ढेकर अजिबात नको. नाक मात्र टेबलावर बसून मोठ्यानं शिंकरलं तरी चालतं, उलट सुर्र सुर्र ओढत बसलात तर शेजारचा हातात टिश्यू देतो. मला अजून याची सवय झाली नाही.

उरलं तर बांधून मागा, "आइनपाकन" म्हणायचं, लाजायचं काही नाही. आणि पार्सल न्यायचं असेल तर 2023 पासून तिकडं कायदा आहे, हाटेलांनी परत वापरता येणाऱ्या डब्याचा पर्याय ठेवायचा, आणि अगदी छोटी दुकानं त्यातनं सुटली तरी गिऱ्हाइकानं स्वतःचा डबा आणला तर त्यात भरून द्यायचं. आईनं बळंच बॅगेत कोंबलेला स्टीलचा डबा मी तिथं काढला तेव्हा काउंटरवरची पोरगी म्हणाली, किती भारी आहे हा, कुठं मिळतो?

बिल

आता मुख्य प्रकरण. आपल्याकडं बिल आलं की कुस्ती लागते. एकजण दुसऱ्याचा हात धरतो, तिसरा आधीच गल्ल्यावर पोचलेला असतो, वेटरच्या खिशात नोट कोंबतो, "त्याचे घेऊ नको". हे प्रेम आहे आणि मला आवडतं. पण तिकडं करू नका.

तिकडं काय होतं बघा. वाढणारी बाई येते, कमरेला काळं चामड्याचं जाड पाकीट, हातात एक लांब चिठ्ठी, आणि विचारते, "त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?" एकत्र की वेगवेगळं. कुणीतरी म्हणतं गेट्रेन्ट. मग ती एकेकाकडं वळते आणि तो माणूस न लाजता आपलं आपलं म्हणून दाखवतो, दोन शोर्ले, एक श्पेत्सले, एक कॉफी. ती पेनानं चिठ्ठीवरनं तेवढं खोडते, बेरीज तोंडी करते, पैसे घेते, पुढच्याकडं वळते. आठ माणसांचं टेबल असेल तरी आठ वेळा. कुणाला घाई नाही, वाढणारीलाही नाही. शेवटी चिठ्ठीवर एक कॉफी उरली तर सगळे एकमेकांकडं बघतात आणि एकजण कपाळावर हात मारतो.

पहिल्यांदा मी आपल्या पद्धतीनं बाथरूमला जातो म्हणून उठलो आणि शेजारच्या सहकाऱ्याचं बिल गुपचूप भरून आलो. तो खूश झाला नाही, गप्प झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपालवर साडेचौदा युरो आले होते, पैशापर्यंत बरोबर. त्याला वाटलं मी त्याच्यावर काहीतरी चढवून ठेवलं. खरंच पाजायचं-खिलवायचं असेल तर निघायच्या आधीच सांगा, "इश लाडे दिश आइन", मी तुला बोलावतोय. याचा अर्थ पैसे मी देणार. नुसतं "चल जेवायला जाऊ" म्हणजे आपापलं.

वाढदिवसाला उलटं. ज्याचा वाढदिवस त्यानं खिलवायचं, ऑफिसात केकपण त्यानंच आणायचा. तेवढं आपल्यासारखंच आहे म्हणा. फक्त आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात.

टीप. मेनूवरच्या किमतीत टॅक्स, सर्व्हिस सगळं धरलेलं असतं, वर जीएसटी लागत नाही, जे लिहिलंय तेच. टीप द्यायची सक्ती नाही, पण पाच ते दहा टक्के देतात, आणि टेबलावर सोडून जात नाहीत, पैसे देतानाच एकूण आकडा सांगतात. बिल 13.60 झालं, तुम्ही वीसची नोट दिली आणि "फ्युन्फत्सेन" म्हणालात, म्हणजे पंधरा घे, ती पाच परत देते. आणि नोट देताना "डांके" अजिबात म्हणू नका! आपल्याला वाटतं थँक्यू म्हटलं, त्यांना वाटतं बाकीचे ठेव. माझे 6.40 असेच गेले, बाईनं इतक्या मनापासून आभार मानले की परत मागायची हिंमतच झाली नाही.

पैसे दिले म्हणजे उठायचं असं नाही. तुम्ही मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, बाहेर रांग असली तरी कुणी फडकं घेऊन टेबल पुसायला येत नाही. दोन-अडीच तास बसा निवांत.

स्वस्तातल्या दोन जागा

उन्हाळ्यात कुणी बिअरगार्टनला बोलावलं तर ओळखी वाढवायला यापेक्षा सोपी जागा नाही, लांब बाकडी, झाडाखाली, जत्रेसारखं. शेजारच्या बायर्न राज्यातल्या जुन्या पद्धतीच्या बिअरगार्टनमध्ये स्वतःचं खाणं घेऊन जाता येतं, फक्त पेय तिथलं घ्यायचं. मी धपाटे नेले होते. ज्या टेबलावर कापड अंथरलंय तिथं मात्र वाढप असतं, घरचं काढू नका. ग्लासाचं डिपॉझिट घेतात, टोकन मिळतं, ते हरवू नका.

दुसरी, आमच्या भागातली बेझन. द्राक्षवाले शेतकरी वर्षातनं जास्तीत जास्त चार महिने आपल्याच घरात-गोठ्यात चाळीस माणसांपर्यंत बसायची सोय करतात आणि दाराबाहेर झाडू टांगतात. झाडू दिसला की चालू. जेवण साधं, भाव कमी, आणि दाटीवाटीनं बसावं लागतं त्यामुळं बोलल्याशिवाय सुटका नाही.

आणि मग घरी बोलवा

चार-पाच वेळा बाहेर बसणं झालं की तुम्हीच आधी घरी बोलवा. दोन आठवडे आधी तारीख सांगा. आणि आता ते शेंगदाण्याचं. आपल्या आमटीत कूट, भाजीत कूट, वर चटणी, आणि तिकडं एखाद्याला शेंगदाण्याची ॲलर्जी असली तर प्रकरण हॉस्पिटलपर्यंत जातं, म्हणून बोलावतानाच विचारा, भांडी चढवल्यावर नाही. पेढे, खवा, पनीर सोलापूरहून न्यायचा विचार सोडा, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरनं युरोपात आणायला बंदी आहे. कडक भाकरी मात्र बिनधास्त न्या, त्यांना ती चिप्ससारखी वाटते.

वाढताना जपून. त्यांच्यात ताटात टाकणं वाईट, म्हणून जे येईल ते संपवतात. आपल्यात रिकामं ताट दिसलं की वाढायचं. माझ्याकडं आलेला सहकारी, तोच साडेचौदा युरोवाला, खात होता आणि मी वाढत होतो, दोघंही मुकाट्यानं. पाचव्या भाकरीला त्यानं घड्याळ बघितलं, पट्टा एक भोक सैल केला, आणि विचारलं, अजून किती आहेत? तेव्हापासून मी एकदाच विचारतो. आणि तुम्ही त्यांच्याकडं गेलात आणि "अजून घेणार?" विचारलं तर आपल्यासारखं आधी नको नको करू नका, पहिल्याच वेळी हो म्हणा, नाहीतर भांडं उचलून आत जातं आणि घरी येऊन मॅगी करावी लागते.